फ्रेंच फोटोग्राफरच्या सहीशेजारचं कुंकू

दृष्ट, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आता साठी उलटल्यावर मानायला लागायचा उत्साहही नाही. तरी हे एकदाचं लिहून टाकते.

ऐंशीचं दशक, शिकागो. डेव्हन ॲव्हेन्यूवरून दोन बस बदलत मी कामाला जायचे, जुनी पुस्तकं दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये. नवऱ्याला ले-ऑफ मिळालेला, घर माझ्या एकटीच्या नोकरीवर. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक पुस्तक आलं – फोटोग्राफी नवीन होती त्या काळातल्या एका फ्रेंच फोटोग्राफरच्या आठवणी. पहिल्या पानावर त्याची स्वतःची सही. अशी प्रत पुन्हा मिळणं मुश्कील, म्हणे. शिवण उसवली होती. काम मागे पडलं म्हणून वीकेंडला मी ते गुपचूप घरी आणलं. नियम मोडून!

रविवारी दसरा. सासूबाई पुण्याहून आलेल्या. मी आंघोळ करून येते तो काय – पाटावर घरातली झाडून सगळी पुस्तकं, आणि सगळ्यांत वर हे, उघडं. सहीशेजारी ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट!

"अहो आई, हे काय केलंत!"

"अगं, बाकीची सगळी छापलेली. यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याला नको का कुंकू?"

मी जे तोंड सोडलं... "काही कळतं का तुम्हाला? तुमच्यामुळे रस्त्यावर येणार आम्ही!"  त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला लाज वाटली, पण भीती जास्त होती. संध्याकाळी पुस्तक गुंडाळताना पुन्हा पाहिलं – डाग होताच.

सोमवारी बॉसबाईंपुढे पुस्तक ठेवलं. "सहीजवळ लाल डाग पडलाय, माझी चूक –" एवढंच मी म्हणाले.

"तो तर आधीपासून आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल काढली. पुस्तक आलं की हात लावण्याआधी आम्ही त्याचे रंगीत फोटो काढायचो. दोन आठवड्यांपूर्वीचा फोटो. त्यात सहीशेजारी तेच लाल बोट! खाली माझ्याच अक्षरात नोंद – 'बोटाचा लाल डाग'. मी असं काही लिहिल्याचं मला बिलकुल आठवत नव्हतं.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. पान स्वच्छ... त्यावर नुसती सही.

"वंडरफुल! हाऊ डिड यू डू इट?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. नोकरी टिकली.

घरी आले तर आई मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"म्हणजे डाग आधीच होता, आणि आता नाही."

"हो."

"मग माझ्यावर का ओरडलीस गं?"

फोटोत तो डाग कसा आला, पानावरून कुठे गेला, मला आजही सांगता येत नाही. आईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत होतं, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही. महिन्याभरात त्या परत गेल्या. नंतर दर वर्षी बोलावलं... आल्या नाहीत.