गेटसमोरचे बारा फूट

कवळीताईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून त्या तीन-चार दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायच्या. वय अठ्ठावन्न, डावा गुडघा कामातून गेलेला आणि जीभ कात्रीसारखी. वरच्या मजल्यावर त्यांचा थोरला भाऊ आणि वहिनी राहायचे. बहीण-भाऊ एकाच आईच्या पोटचे, पण त्यांच्यातून विस्तव जात नव्हता.

वैर जुनंच होतं. भावानं मोठी गाडी घेतली आणि वैराला नवं तोंड फुटलं. गाडी तो नेमकी गेटसमोरच्या बारा फुटांत लावायचा, खांबाला जवळजवळ चिकटवून. ताईंना कवळ्यांचा डबा छातीशी धरून, अंग चोरून, आडवं होत बाहेर पडावं लागायचं. एकदा दुखरा गुडघा बंपरवर असा आपटला की दोन दिवस त्या अंथरुणातून उठल्या नाहीत.

"दादा, गाडी जरा पुढे घेत जा," त्यांनी जिन्याखालून सांगितलं.

"गेट काय तुझ्या बापाचं आहे?" वरून उत्तर आलं.

बाप दोघांचा एकच होता, हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. खिडकी धाडकन बंद झाली.

दुसऱ्याच दिवशी ताई वाहतूक कार्यालयात गेल्या. तीन खिडक्यांनी त्यांना टोलवलं. चौथ्या खिडकीतल्या कारकुनाला मात्र नियम पाठ होते, आणि ते ऐकायला कुणी आलं याचाच त्याला आनंद झाला. सम तारखेला गाड्या या बाजूला, विषम तारखेला त्या. एकतीसनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम, म्हणून त्या दिवशी गाडी हलवायची नाही. लोक तिथेच फसतात. कोपऱ्यापासून पंधरा फूट जागा मोकळी सोडायची. आणि गेटसमोर कुठल्याच तारखेला कुणीच गाडी लावायची नाही.

"गेटच्या मालकानंसुद्धा?"

"मालकानंसुद्धा. गेट त्याचं, रस्ता नाही."

ताईंना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तक्रारीला फोटो लागतो, त्यात गेट आणि नंबरप्लेट दोन्ही दिसायला हवीत, हेही त्यांनी विचारून घेतलं. मग सलग अकरा दिवस रोज सकाळी फोटो काढले. बाराव्या दिवशी टोइंगवाले आले आणि गाडी घेऊन गेले. भाऊ एकाच पायात चप्पल घालून खाली धावला, तोवर गाडीनं वळण घेतलं होतं.

"सख्ख्या भावाची गाडी उचलायला लावलीस? लाज नाही वाटली?"

"वाटली असती तर हात थरथरला असता. फोटो बघ, किती स्वच्छ आलेत."

भाऊही त्याच मातीचा. तो त्याच कारकुनाकडे जाऊन आला. ताई दुपारच्या आडव्या झालेल्या असताना त्यानं कोपऱ्यापासून तिथंच लावलेल्या त्यांच्या स्कूटरपर्यंत टेप लावली. दुसरं टोक वहिनीनं धरलं. तेरा फूट भरले, नियमाला दोन कमी. आठवड्याभरात स्कूटरही गेली.

मग तक्रारींचा असा सपाटा चालला की शेवटी हवालदार स्वतः आला. त्यानं दोघांना गेटशी बोलावलं.

"एकाच घरातले ना तुम्ही?"

"एकाच पत्त्यावरचे," ताई म्हणाल्या.

 हवालदारानं कोपऱ्यापासून गेटच्या पलीकडच्या खांबापर्यंत सलग पिवळा पट्टा मारून घेतला. आता तिथे कुणालाच काही लावता येईना. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केल्यासारखं झालं होतं. दोघंही गाड्या लांबच्या मैदानाच्या कडेला लावून पायी यायचे, एक लंगडत, एक धापा टाकत, आणि रस्त्यात भेटलेच तर एकमेकांकडे पाठ करायचे.

पुढे भावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी आणायच्या आदल्या दिवशी वहिनी जिना उतरून खाली आली. ताईंच्या दारात ती सहा वर्षांत पहिल्यांदाच उभी होती.

"ताई, यांना चालवणार नाही. चार दिवस गाडी गेटसमोर राहू द्या. तक्रार करू नका."

ताईंनी हातातली कवळी घासायची थांबवली नाही.

"चार दिवस नाही. माणूस उतरवायला तीन मिनिटं थांबता येतं. नियमच आहे तसा."

वहिनी तशीच वर गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी पिवळ्या पट्ट्यावर थांबली. ताई घड्याळ समोर ठेवून खिडकीत बसल्या होत्या. भाऊ पोटावर हात दाबून, दाराला धरून, एकेक पाय बाहेर काढत होता. गेटपर्यंत यायला त्याला पाच मिनिटं लागली. खिडकीकडे त्यानं पाहिलं; ताईंनीही नजर हटवली नाही. चौथं मिनिट लागताच त्यांनी फोन उचलून फोटो काढला होता.

तो त्यांनी पाठवला नाही. पण पुसलाही नाही, आणि हे वहिनीच्या कानावर जाईल अशी व्यवस्था मात्र केली.