आत्याचं हिरवं इंजिन

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायची. लग्न तिनं केलं नाही. आमच्याच घरात जिन्यालगतच्या खोलीत राहायची, आणि त्या खोलीत तिच्यापेक्षा रेल्वेच जास्त राहायची. विजेवर चालणाऱ्या, पत्र्याच्या, जुन्या खेळण्यातल्या गाड्या ती गोळा करायची. त्याही तयार. खोका उघडायचा, रूळ एकमेकांत अडकवायचे, ट्रान्सफॉर्मरची पिन लावायची, की गाडी सुटली. गल्लीत तिला सगळे स्टेशनमास्तरीण म्हणत. तिच्या पाठीमागे म्हणत, कारण तिचं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ होतं. तिथले एक दाढीवाले गृहस्थ पितळ कापून स्वतः इंजिनं बनवायचे. ते एकदा तिला म्हणाले, तयार गाडी काय, कुणीही विकत आणील. आत्यानं त्यांना विचारलं, अंगातला शर्ट तुम्हीच विणलात का? त्यानंतर त्यांनी तिला तयार गाड्यांबद्दल काही सुनावल्याचं मी ऐकलं नाही.

या नादाचं मूळ रागातच होतं. ती लहान असताना आजोबांनी धाकट्या भावासाठी, म्हणजे माझ्या बाबांसाठी, अशी एक हिरवी गाडी आणली. तिनं फक्त बघायचं. यंत्राला मुलींनी हात लावायचा नाही, असा आजोबांचा हुकूम. बाबांनी आत काय आहे ते बघायला मोटर उपसली आणि ती पुन्हा कधी बसलीच नाही. रुळांचं कुंपण करून कुणीतरी फुलझाडांच्या कुंड्यांभोवती लावलं. आणि बोलणी कुणी खाल्ली? आत्यानं. तू मोठी ना, मग लक्ष द्यायला काय झालं होतं?

मिळवती झाल्यावर ती हुबेहूब तसंच इंजिन शोधत हिंडली. जुन्या बाजारात एका घड्याळजीकडे तिला ते मूळ खोक्यासकट सापडलं. हिरवा रंग, कडेला बारीक सोनेरी रेघ. बॉयलरच्या दोन्ही अंगांना मात्र रंग पार जाऊन पत्रा उघडा पडला होता. कुणा अनोळखी पोरानं ते इतक्यांदा उचललं होतं की बोटांखालचा रंगच झिजला होता. आत्या उचलायची तेव्हा तिचा अंगठा बरोबर त्याच जागी बसायचा. ती चाकांना तेल द्यायची, मोटरचे कार्बन साफ करायची, पण रंगाला कधी हात लावला नाही.

पुढे तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि ती दवाखान्यात पडून राहिली. इकडे बाबांचे हात शिवशिवायला लागले. बाबा गॅरेजमध्ये मोटारींना रंग मारायचे आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पोचा आलेला पत्रा दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. ताईला खूश करायचं म्हणून त्यांनी इंजिनाचा जुना रंग उतरवला, पोचे ठोकून काढले, पुट्टी भरली, घासलं आणि वर स्प्रे मारला. हिरवाच, पण आजकालच्या मोटारीचा हिरवा, आरशासारखा. सोनेरी रेघ तर टेप लावून अशी मारली की कुठे केसाचा फरक नाही. इंजिनाचा मूळ खोका वाळवीनं खाल्ला होता, तो भंगारवाल्याला देऊन टाकला.

आत्या घरी आली तेव्हा इंजिन टेबलावर काचेच्या पाटावर मांडलं होतं. आई, शेजारच्या काकू, सगळे तोंडभर हसत उभे. आत्यानं ते उचललं. तिचा अंगठा गुळगुळीत रंगावरून घसरला. तिनं ते खाली ठेवलं.

"आधीचा रंग कुठाय?"

"काढला. किती ठिकाणी उडाला होता, ताई," बाबा म्हणाले. ते अजून हसतच होते.

"आणि खोका?"

खोका भंगारात गेल्याचं ऐकल्यावर आत्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. ओले टाके होते पोटात.

"लहानपणी तुझी गाडी तू मोडलीस, बोलणी मी खाल्ली. आता माझीही तूच मोडलीस. आणि वर मी कौतुक करू?"

मग घरातल्या घरात कोर्ट बसलं आणि आरोपी ठरली आत्या. काकू म्हणाल्या, अहो, केवढ्या प्रेमानं केलंय. आई म्हणाली, बिचारा रोज कामावरून दमून येऊन घासत बसायचा. बाबा पानावरून उठून गेले, की त्यांचं जेवण गेलं म्हणून सगळ्यांना हळहळ. पोट फाडून आलेल्या बाईचं काय गेलं, हे विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही. मला आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. प्रेमानं केलं की विचारायची गरज नाही, हा कायदा या घरात फक्त एकाच माणसाच्या बाजूनं चालायचा.

आत्यानं बाबांशी बोलणं टाकलं आणि खोलीला कुलूप बसवून घेतलं. आई म्हणाली, घरच्या माणसांना कुलूप? आत्या म्हणाली, बाहेरच्यांनी आजवर माझं काही बिघडवलेलं नाही.

शेवटी बाबाच तोडगा घेऊन आले. म्हणाले, पॉलिश पेपर मारून होतं तसं जुनं करून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. आत्या हसली. ते हसू ऐकून मी दाराआडच थांबले.

"तू मला आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते," ती म्हणाली. "तुला ते माहीत होतं. म्हणूनच तू विचारलं नाहीस."

पुढे कितीतरी दिवस बाबा गॅरेजमधून थेट घरी न येता भंगारवाल्यांच्या गोदामांतून पुठ्ठे उलथेपालथे करत फिरले. खोका मिळाला नाही. मिळणार नव्हताच. एका संध्याकाळी ते आत्याच्या दाराबाहेर उभे राहिले, हात काळे झालेले.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "तू नाही म्हणशील म्हणूनच विचारलं नाही. चुकलो."

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे. बायका म्हणतातच. आत्या तसं म्हणाली नाही. तिनं कपाटातून ते चकचकीत इंजिन काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे तुझं. तुझ्या हातचं आहे, तूच सांभाळ."

बाबांनी ते घेतलं. त्यांच्याकडे ना रूळ, ना ट्रान्सफॉर्मर. कधीतरी ते इंजिन घेऊन तिच्या खोलीकडे जातात. दार उघडं असलं तरी आधी वाजवतात आणि ती 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबतात. बऱ्याचदा ती म्हणते. मग दोघं गाडी फिरवतात, आणि चाकाला तेल जास्त झालं की ती त्यांना झापते. एखाद्या दिवशी मात्र ती म्हणत नाही. बाबा थोडा वेळ उभे राहतात आणि इंजिन घेऊन परत येतात.

तुझा राग अजून गेला नाही का, असं मी तिला एकदा विचारलं. ती रूळ पुसत होती. म्हणाली, "का जावा?"