हिरासिंगचा हवेचा काटा

हिरासिंग आमच्या मारेगावच्या शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई होता. शिक्षण चौथीपर्यंत, पण वायू तोलायचा प्रयोग त्याच्याइतका नीट विज्ञान शिकवणाऱ्या मलाही कधी साधला नाही. बांबूची कामटी मधोमध दोऱ्याला टांगायची, दोन्ही टोकांना सारख्या कागदी पिशव्या, तोंडं वर. हवेपेक्षा जड अशा कर्बवायूची बरणी एका पिशवीत ओतली की दिसत काही नसे, पण पिशवी खाली जाई. मुलं हसत. हिरासिंग हसत नसे. त्याचा बाप विहिरीच्या तळाशी अशाच वायूनं गेला होता.

१९६२च्या मे महिन्यात त्याच्या तांड्यावरच्या झाकून ठेवलेल्या कोरड्या विहिरीतला गाळ उपसायचा ठरला. उतरणार होता हिरासिंगचा थोरला भाऊ डोंगरसिंग. मीही हिरासिंगबरोबर गेलो. आम्ही पोचलो तेव्हा डोंगरसिंगनं कमरेला दोर बांधला होता. कंदिलाऐवजी त्यानं वणीहून आणलेली नवी बॅटरी विहिरीत सोडून पाहिली होती.

"पाह्य, तळाले लख्ख जळून राह्यली. आता कायले भेतं?"

"भाऊ, बॅटरीले हवा लागत नाही. कंदील सोड."

कंदील सोडला. अर्ध्यावर विझला.

"वाऱ्यानं विझला," डोंगरसिंग म्हणाला.

"बाच्या वक्तालेबी हेच म्हणले होते तुम्ही सारे."

मग हिरासिंगनं बादली तळाला सोडली, थोडी थांबवली, अलगद वर ओढली आणि फडकं झाकून भावाच्या झोपडीत नेली.

"शाळेत बाटल्या धुऊन मास्तर झाला लेकाचा! रिकामी बादली मिरवते!" डोंगरसिंग दोरासकट मागे आला.

वारा लागू नये म्हणून हिरासिंगनं दार लावलं, कामटी टांगली, ती स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग बादली हळूच एका पिशवीवर वाकवली. पिशवी सावकाश खाली गेली आणि तिथंच राहिली.

डोंगरसिंगची बायको रुपीबाई पुढे झाली आणि नवऱ्याच्या कमरेची गाठ सोडू लागली. त्यानं हात धरला नाही.

आतली हवा ढवळून निघावी म्हणून दोन दिवस लिंबाचे डहाळे दोराला बांधून विहिरीत वरखाली ओढले. तिसऱ्या सकाळी पुन्हा बादली ओतली तरी पिशव्या समान राहिल्या, कंदीलही तळापर्यंत जळला. मग डोंगरसिंग उतरला. हिरासिंग काठावर पालथा पडून, हातहात दोर सोडत, भावाला नावानं हाक मारत होता. प्रत्येक हाकेला खालून शिवी येई. एरवी उलट बोलणारा हिरासिंग त्या दिवशी एकेका शिवीला "हो भाऊ" म्हणत राहिला.