तुरीतले बाबा

घरातलं फुटकंतुटकं भंगारवाल्याच्या आधी मी उचलते. लहानपणापासूनची खोड. फुटक्या बशांचा मोर केला, पंख्याच्या पात्यांचं झाड केलं. आई होती तेव्हा म्हणायची, "घरात कचराच करून राह्यली वं तू." करते, तर करते!

या हिवाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दादा त्यांना यवतमाळला घेऊन गेला आणि राळेगावजवळच्या आमच्या गावी घर-वावर सांभाळायला मी माहेरी आले. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे बाबाच. जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप रोज फुलावरची तूर खाऊन जाई. म्हटलं, बुजगावणं करू, तेवढाच हाताला चाळा.

डोक्याला दूध तापवायचा जळका गंज, फुटक्या कपांचे कान, खराट्याच्या काड्यांच्या मिश्या. पोछ्याच्या मोडक्या दांड्याचे हात. अंगात फडक्यासाठी काढलेला बाबांचा सदरा, पायजमा आणि जुनी टोपी. बाबांचा डावा खांदा जरा उतरता आहे, तोही तसाच उतरवला. बांधावरून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. हुबेहूब!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. दादाचा फोन सारखा एंगेज. मी अंगणात येरझारा घालत होते, तेवढ्यात शेजारची काकू तोंडाला पदर लावून आली. मागे आणखी चार बाया.

"काहून वं पोरी, आमाले सांगतलं नाही? कधी गेले भाऊजी?"

वाटलं, दादानं हिला कळवलं, मला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. मी खालीच बसले. "तुला कोणी सांगितलं?"

"कोन कायले सांगन? वावरात कपडे टांगले ना तू त्यायचे!"

माणूस गेला की आमच्याकडे त्याचे कपडे घराबाहेर काढतात. जित्या माणसाचे कोणी असे टोपीसकट उभे करत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण मिश्या जमवायच्या नादात डोक्यातच आलं नाही. कलाकार म्हणे! बुजगावणं आहे असं सांगितलं तर काकू आणखीच भडकली. "अवं, आज चिरफाडीचा दिवस! काढ आधी ते अभद्र!"

मी अनवाणीच पळाले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं सासरी मी ठासून सांगते. त्या दिवशी होता. गुंड्या काढता काढता त्या गंजाकडे बघून मी म्हणत होते, "बाबा, चुकलं माझं."

सदरा अर्धा निघाला आणि फोन वाजला. दादाचा नंबर. उचलायचा धीर होईना. उचलला, तर पलीकडून बाबाच! ऑपरेशन कंबरेत सुई देऊन झालेलं, त्यामुळे ते शुद्धीत होते.

"काय वं, मी मेलो म्हणते गावात? तुह्या दादाले सकाळपासून फोनावर फोन येऊन राह्यले."

मी मुसमुसायला लागले.

"रडू नको ना. जित्ता आहो मी."

तो अर्धा सदरा छातीशी धरून मी भर वावरात हंबरडा फोडला. बांधावर काकू आणि बाया येऊन उभ्या होत्या. आता मात्र त्यांची खात्रीच पटली.