पाठमोरे आबा

पाटोद्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आबांनी माझी बॅग आत नेऊन खिडकीपाशी ठेवली. कंडक्टरला म्हणाले, "पोरगी एकटी हाय, नीट उतरवा." आणि गाडी हलायच्या आधीच निघून गेले. मेंढरं चुलत्याच्या हवाली टाकून आले होते, त्यांना घाई होती. माय तर स्टँडवर आलीच नव्हती. सकाळी वस्तीवर भाकरी बांधून देताना तिनं एवढंच सांगितलं, "तिथं कुणी वंगाळ बोललं तर उलटून बोलू नको. तुझं तोंड लई चालतं." दहावी पास झालेली पोर परक्या गावाला निघाली आणि खिडकीखाली हात हलवायला कुणी नाही. जामखेड येईपर्यंत मी रागानं फणफणत होते. नंतर राग ओसरला आणि रडू आलं. शेजारच्या बाईनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला. मी तो रडत रडत सगळा खाल्ला.

मी कशाला चालले होते, हे वस्तीवर कुणालाच धड कळलं नव्हतं. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी मला एलिमेंट्री, इंटरमिजिएटला बसवलं होतं. पुण्यात अकरावी-बारावीला चित्रकला आणि डिझाईन असे विषय घेता येतात, मुलींचं होस्टेलही आहे, ही माहिती त्यांनीच आणली. आबांना समजावताना सर 'आर्ट' म्हणाले आणि तिथंच घोळ झाला. आमच्याकडं आर्ट म्हणजे आर्ट्स. सायन्स झेपत नाही त्यानं घ्यायचं. चुलते, म्हणजे आमचे तात्या, कपाळावर हात मारून म्हणाले, "आर्टच घ्यायचंय तर पुण्याला कावून जायचं? पाटोद्यात काय आर्ट मिळत न्हाई का?" मी सांगितलं, आर्ट्स नाही तात्या, आर्ट. ते म्हणाले, "एकच की ते. शेवटचं अक्षर खाल्लं म्हणून काय इंजिनियर व्हतंय का गं कुणी?" आबा हसले. पण मला बाजूला घेऊन त्यांनी अट घातली. बारावीनंतर पुढच्या कॉलेजात नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर माघारी यायचं, गुमान पाटोद्याला नाव घालायचं आणि स्थळं बघायला लागायचं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तुम्ही जे बाहेर पडलात, त्यांना होस्टेलचा पहिला महिना काय असतो हे मी सांगायला नको. वस्तीवर राहिलेल्यांना सांगते. माणसं खूप असतात आणि आपलं कुणी नसतं. वर्गातल्या मुली 'कंपोझिशन', 'निगेटिव्ह स्पेस' असलं काहीबाही सहज बोलायच्या. त्यांच्याकडं पेन्सिलींचे डबे होते, माझ्याकडं दोन पेन्सिली. त्याचं काही वाटायचं नाही, पेन्सिल कुणीही देत होतं. वाटायचं ते बोलण्याचं. मी पहिल्याच दिवशी "मला समजलं न्हाई" म्हणाले, तर मागून कुणीतरी हळूच "न्हाई, न्हाई" म्हटलं आणि चार जणी खुदकन हसल्या. वाईट नव्हत्या पोरी. पण त्या दिवसापासून मी बोलणंच कमी केलं. आमच्या मायला खरं वाटलं नसतं. रविवारी कुणाकुणाचे आईबाप डबे घेऊन यायचे, तेव्हा मी वर जाऊन कपडे धुवायचे. धुतलेलेसुद्धा परत धुवायचे.

अकरावीच्या दिवाळीआधी चित्रकलेच्या मॅडमनी स्मरणचित्र दिलं. विषय साधाच, 'माझ्या घरची सकाळ'. समोर काही ठेवायचं नाही, फोन बघायचा नाही, आठवेल ते काढायचं. मला वाटलं, आता दाखवतेच एकेकीला. आमचा माळ काढला, मेंढरं काढली, माय काढली, आबा काढले. मॅडम माझ्यापाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही सगळी माणसं रुसलीत का तुझ्यावर? मेंढरंसुद्धा?"

मी बघितलं. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. मेंढरांच्या नुसत्या शेपट्या आणि ढुंगणं. मायचा पदर मागून. आबांचं मुंडासं, घोंगडं, काठी धरलेलं कोपर. सगळे पाठमोरे, सगळे चाललेले. वर्ग हसला. त्यावेळी मीही हसले, कारण ते खरंच हसण्यासारखं होतं.

यात माझी काही चूक आहे असं मला वाटेचना. मेंढरं घेऊन गावोगाव निघालो की आमचं चालणंच तसं असतं. पुढं आबा, त्यांच्या मागं मेंढरं, मेंढरांमागं घोड्यावर बिऱ्हाड घेऊन माय, आणि सगळ्यात शेवटी, मागं राहिलेली कोकरं हाकत मी. चालायला लागले तेव्हापासून माझी जागा तीच. मला आबांची पाठ अशी पाठ आहे की घोंगडं कुठल्या खांद्यावर टाकलंय यावरून आज किती चालायचं ते मी ओळखत असे. पण डोळे मिटले की चेहरा येईना. नाक आठवावं तर मिशी सुटायची, मिशी धरावी तर डोळे कुणा भलत्याचेच यायचे. बाप जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि मला त्याचं तोंड आठवत नाही! मी इतकी घाबरले की त्या दिवशी जेवलेच नाही.

बारावीत तर ते गळ्याशीच आलं. पुढच्या डिझाईन कॉलेजसाठी चित्रांचा जो संच द्यायचा, त्यात घरच्या एका माणसाचा चेहरा हवाच, असं मॅडमनी सांगितलं. "तुझी मेंढरं छान आहेत गं, पण मेंढरांवर कुणी प्रवेश देणार नाही." मी तात्यांच्या मुलाच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. आबांनी फोन घेतला आणि थेट कानाला लावला. स्क्रीनवर भला मोठा कान, कानावरचे पांढरे केस. मी ओरडतेय, "आबा, तोंडापुढं धरा!" ते म्हणतायत, "ऐकू येतंय की, वरडू नको." त्या वर्षी मी कान फार सुरेख काढायला शिकले.

शेवटी दिवाळीत गेलेच. मेंढरं तेव्हा गेवराईकडं, उमापूरच्या शिवारात बसवलेली होती. मी ठरवूनच गेलते, की या खेपेला आबांचं तोंड बघायचं, पोटभर. दुसऱ्या दिवशी कळप निघाला तसं मी पळत पुढं गेले आणि आबांच्या समोर उलट्या पावलांनी चालायला लागले. पुढची मेंढी मला बघून बुजली, तिच्यामागं सगळा कळप कापसात घुसला. "आगं ये भवाने! मागं हो! मेंढरं उधळली की सगळी!" माय हसून हसून खाली बसली. संध्याकाळी मी आबांना खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "एवढंच व्हय? बगून घे की मग." मुंडासं नीट बांधलं, मिशीवरून हात फिरवला, आणि आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसे ताठ बसले. डोळ्यांची पापणी हलू दिली नाही. मी पुण्याला परत येऊन तोच चेहरा काढला. मॅडम खूश झाल्या. नंबर लागला. वस्तीवर पेढे वाटले. तात्या आजही सांगतात, पोरगी आर्ट घेऊनसुद्धा पास झाली.

मला मात्र त्या चित्रातला माणूस कधी ओळखीचा वाटला नाही. त्याच्याच जोरावर मी पुढं गेले, हे मनाला लागून राहिलंय.

आता बेंगळुरूला असते. बिस्किटांचे, चहाचे पुडे डिझाईन करते. फ्लॅटमध्ये दोघी जणी आहोत, दिवसभर इंग्रजी, हिंदी. एखादा दिवस असा जातो की मराठीतला एक शब्द तोंडातून निघत नाही. अशा दिवशी मी गॅसवर दूध ठेवून त्याच्याशी बोलते. हसू नका, तुमच्यातलेही बोलत असतील.

यंदा वस्तीवर गेले तर सगळे सामोरे आले. मायनं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. समोर बसून माझ्याकडं बघत राहिली, "वाळलीस गं," म्हणाली. आबा समोर, तात्या समोर. सगळ्यांची तोंडं मला मनसोक्त दिसत होती. आता मी डोळे मिटून कुणाचाही चेहरा काढीन. आणि तिथं बसल्या बसल्या लक्षात आलं, असं समोर बसून आपण फक्त पाहुण्याकडं बघतो.

सकाळी मी चप्पल घातली. आबा म्हणाले, "तू कावून? सावलीला बस. पाय दुखतील." मी ऐकलं नाही. कळप निघाला आणि मी माझ्या जागेवर गेले, सगळ्यांच्या मागं.

लहानपणी मी कोकरांपाशी रेंगाळले, काट्यात अडकले, तरी आबांनी कधी मागं पाहिलं नव्हतं. मला ते तुटकपणाचं वाटायचं. आज कळतं, मी मागं आहेच याची त्यांना खात्री होती. घर म्हणजे माझ्या लेखी आता तेवढंच, आपल्याकडं कुणी वळून बघायची गरज नसणं.

त्या दिवशी आबा सारखे वळून बघत होते. दहा पावलं जायचे, थांबायचे, मुंडाशाखालून डोळे बारीक करून मेंढरांवरून मला शोधायचे. मी येतेय का म्हणून.