टिकलीची जागा

लेसरच्या खोलीत जाताना बायकोने कपाळावरची टिकली काढून माझ्या घड्याळाच्या काचेवर चिकटवली. "सांभाळा हो," म्हणाली. सहापैकी ही चौथी खेप. यात वरची कातडी सोलत नाहीत. आत ऊब पोचवतात आणि सुरकुती हळूहळू भरत येते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं.

तिच्या भुवयांच्या मधोमध एक उभी घडी होती. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या सासूबाईंनाही हुबेहूब तशीच होती. हिने आठ्या घातल्या की मी म्हणायचो, "आल्या सासूबाई!" ते तिने मनावर घेतलं.

माणूस गेल्यावर त्याची लुगडी, चष्मा आपण देऊन टाकतो. आपल्याच चेहऱ्यावर त्याचं काय उरलंय, ते मोजत नाही.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि घड्याळावरची टिकली उचलली. आरसा ती कधीच घेत नाही. बोटाने घडी चाचपायची आणि तिच्या टोकाला टिकली टेकवायची, ही तिच्या आईची रीत. गेले काही दिवस टिकली जराशी तिरकी बसायची. आज बोट नुसतंच फिरत राहिलं.

"अहो, सापडत नाहीये," ती हसली. मग हसू विरलं. "आईची जागा गेली की हो."

टिकली मी लावून दिली. बोटाखाली कपाळ गुळगुळीत लागलं.

रिक्षाच्या आरशात ती घरापर्यंत आठ्या घालून पाहत होती. कोणीच आलं नाही.