दाजींचा बदली कंपुटर

आमच्या दाजींना कंपुटरने नोटीस दिली तेव्हा मी तिथेच होते, पोहे खात.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, मीराताईचे, मिस्टर. नाव कोंडीराम. परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका टोकाला ते राहतात, दुसऱ्या टोकाला मी. मधे चौदा दारं. या चौदा दारांत दाजींबद्दल जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं माझ्याकडून निघालेलं असतं. मेहुणीचा हक्कच आहे तो, आणि मी हक्क सोडणाऱ्यातली नाही.

तर दोन हजार चौदाचा मार्च. कंपुटर चालू केला की पडद्यावर एक चौकट यायची, की ही विंडोज आता जुनी झाली, आठ एप्रिलनंतर तिला कंपनीची साथ नाही. लोक काय करतात, चौकट बंद करतात आणि कामाला लागतात. दाजींनी चष्मा लावून ती तीनदा वाचली, उठले, आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ताईने विचारलं, काय झालं. म्हणाले, "नोटीस लागली."

आमच्याकडे हा शब्द कुणी सहज काढत नाही. दाजी गिरणीत होते, सूत कातायच्या खात्यात, नऊ वर्षं. पण नऊच्या नऊ वर्षं बदली. बदली म्हणजे काय, ते आता पोरांना सांगावं लागतं. सकाळी सातच्या आत पास घेऊन गेटवर उभं राहायचं. आत कुणाचा खाडा झाला, म्हणजे कुणी कामावर आला नाही, तर त्याच्या जागी तुम्ही. कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवणार. सगळे आले तर जॉबर हात हलवणार, "आज काम नाही, उद्या या." उद्या या, उद्या या करत दाजींच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मग ब्याऐंशीचा संप आला. आता गंमत बघा, ज्याला उद्याच्या कामाची खात्री नाही त्या माणसानेही काम बंद ठेवलं, आणि ते पण छाती काढून. संप काही मिटला नाही. एक दिवस गेटवर नोटीस लागली आणि परमनंटवाले आणि बदलीवाले एकदाचे सारखे झाले.

मग लालबागला अण्णांचा छापखाना होता, तिथे खिळे जुळवायला लागले. म्हणजे शिशाची उलटी अक्षरं. एवढी सवय झाली की दाजी घरी आरशासमोर दाढी करताना मागच्या कॅलेंडरवरचं उलटं दिसणारं सगळं घडाघडा वाचायचे आणि ताईला वाटायचं, हे दाढी करता करता प्रार्थना म्हणतायत. पुढे खिळे गेले, कंपुटर आला. अण्णा म्हणाले, शिका. दाजी टायपिंगच्या क्लासला गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी, अठरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत. मी तेव्हा काय काय बोलले असेन ते तुम्हीच समजून घ्या. छापखाना बंद झाला तेव्हा अण्णांनी तो कंपुटर दाजींनाच दिला. तेव्हापासून आमच्या चाळीतली लग्नपत्रिका, नामकरण, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, बायोडेटा, सगळं दाजींच्या टेबलावरून जातं. माणसाचं नाव पहिल्यांदा आणि शेवटचं छापायचं काम दाजींचं.

आणि त्या वर्षी तर जयंती मंडळाचं पन्नासावं वर्ष. स्मरणिका निघायची होती, बेचाळीस पानी, प्रत्येक घरातल्या जुन्या माणसाची आठवण आणि अडीचशे-पावणेतीनशे नावं. मंडळातल्या नव्या पोरांना ती दादरच्या एका दुकानात द्यायची होती, रंगीत पानं आणि चकचकीत कव्हर म्हणून. पण अध्यक्ष बुधाजीभाऊ. ते आणि दाजी एकाच गेटवर उभे राहिलेले. बुधाजीभाऊंनी पोरांना गप्प बसवलं आणि दाजींना सांगितलं, कोंडीराम, तूच कर, पण दहा एप्रिलला मला पानं पाहिजेत. नाहीतर मी पोरांना अडवू शकणार नाही, आणि यंदा गेलं ते कायमचं गेलं असं समज.

दाजी दिसायला शांत, पण एकदा चहा घेताना ताईला बोलून गेले. "गिरणी गेली, छापखाना गेला. आता हे गेलं तर मी काय, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जय भीम करत राहू?" त्यामुळे नोटीस बघून माणूस खिडकीपाशी का गेला ते आम्हा दोघींना बरोब्बर कळलं. मी पोहे सुद्धा आवाज न करता संपवले.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नवा कंपुटर घ्यायला दादरला हरेश्वरकडे. हा प्रभादेवीचा कोळ्याचा मुलगा. आई गुणवंती मासळी विकते, मी तिची जुनी गिऱ्हाईक. हरेश्वरचं दुकान एका जिन्याखाली, शटर अर्धंच उघडतं, पण कंपुटर तो स्वतः जुळवून देतो. मला मुद्दाम नेलं होतं कारण पारख माझी. मी त्याला सांगितलं, बाबा, तुझ्या आईकडे मी कल्ला उघडून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाही, तेव्हा तू पण हा डबा उघड. त्याने बिचाऱ्याने खरंच चार स्क्रू काढले. आत मला काय कळणार होतं, पण धूळ नव्हती आणि वास नव्हता, म्हणजे माल ताजा.

डब्याचं ठरलं, मग आत घालायचं काय ते. दाजी म्हणाले, कंपनीवालं काही नको, ती परत नोटीस लावेल. तेव्हा हरेश्वरने लिनक्सचं सांगितलं. दाजींनी पहिला प्रश्न विचारला, "मालक कोण याचा?"

"मालक नाय काका. जगभरची लोकं मिळून बनवतात. फुकट आहे."

"मालकच नाही? मग संप करायचा झाला तर कुणाविरुद्ध करायचा?"

हरेश्वर डोकं खाजवायला लागला. मग दाजींनी विचारलं, ही माणसं कामाला कुठे. तो म्हणाला, नोकरी दुसरीकडे करतात, वेळ मिळेल तसा इथे हात लावतात. दाजींचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे सगळे बदलीच," ते म्हणाले. "दे मग हेच."

पुढे हरेश्वर म्हणाला, यात डेस्कटॉप पण आपल्या पसंतीचा घेता येतो, म्हणजे पडद्याचं रूप, कुठे काय मांडायचं ते. चार-पाच दाखवले. एकात सगळी चित्रं डाव्या बाजूला उभ्या रांगेत, ते बघून दाजी म्हणाले, ही रेशनची लाइन नको. एकात सगळं नाचत, उड्या मारत यायचं, ते मला आवडलं, म्हणून ते बाद झालं. शेवटी ज्याचं बटण जुन्यासारखं खाली डाव्या कोपऱ्यात होतं ते घेतलं. मागचा रंग ताईने सांगितला. निळा. यावर चर्चा झाली नाही.

घरी आणला आणि पहिली तक्रार ताईची. जुन्या कंपुटरचा पडदा म्हणजे पेटारा होता. त्याच्या डोक्यावर दाजींचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, काडेपेटी, गॅसचं पुस्तक, सगळं राहायचं. हा नवा पापडासारखा. "याला डोकंच नाही," ताई म्हणाली. मी म्हटलं, नसलं तरी चालतं, दाजींचं चाललंय ना. दाजींनी लक्ष दिलं नाही. ते पुठ्ठा कापत होते. त्यावर सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं, 'बदली', आणि नव्या कंपुटरला चिकटवलं.

मला वाटलं मस्करी. कसली मस्करी. जुना टेबलावर, परमनंट. नवा बाजूच्या स्टुलावर. रोज सकाळी सातला दाजी नवा चालू करायचे, निळा पडदा आला की म्हणायचे, "हजर." मग जुना चालू करायचे. तो घरघर करत, खोकत, पाच मिनिटांनी का होईना, उठला की नव्याकडे वळून, "आज काम नाही, उद्या या." आणि बंद. तीन आठवडे हा कार्यक्रम. चौदाही दारं सातच्या ठोक्याला कान लावून बसायची. श्रेय माझं.

पण त्यात झालं काय, की नव्यावर दाजींनी एक ओळ सुद्धा लिहिली नाही. स्मरणिकेची बेचाळीस पानं जुन्यातच वाढत गेली.

सहा एप्रिलला जुन्याचा खाडा झाला. बटण दाबलं, आतून टक टक आवाज आला आणि पडदा काळा तो काळाच. हरेश्वर धावत आला. त्याने आतली डिस्क काढली, पानं नव्यात उतरवून दिली, आणि उघडून बघतो तर अक्षरांच्या जागी सगळे कंस, चांदण्या आणि उद्गारचिन्हं. जुन्यातली मराठी एकाच जुन्या फॉन्टची मिंधी होती, आणि तो फॉन्ट नव्यात चालेना. नव्याची मराठी वेगळी, त्याला हे वाचता येईना. हरेश्वर म्हणाला, बदलून देणारा प्रोग्राम आहे, पण जोडाक्षरं चुकतात. अडीचशे नावं आणि जोडाक्षरं चुकतात. जयंतीच्या दिवशी चाळीत हाणामारीच झाली असती. म्हणजे सगळं परत लिहायचं, चार दिवसांत. नशीब, छापखान्याच्या सवयीने दाजींनी प्रत्येक पानाचं प्रूफ कागदावर काढून ठेवलं होतं.

पुठ्ठा तसाच ठेवून दाजी नव्यासमोर बसले. आणि बोटं चालेनात. टायपिंगच्या क्लासची सगळी अक्षरं इथे दुसऱ्याच जागी. क कुठे, म कुठे, काना कुठे. दीड तासात चार ओळी. मी तोंड उघडलं नाही, आयुष्यातला तो एकच दीड तास. मग दाजी उठले, प्रूफं पिशवीत भरली आणि चपला घालायला लागले. म्हणाले, बुधाजीला सांगून येतो, दादरला दे म्हणून. या मशीनला काम येत नाही.

ताई पीठ मळत होती. तिने मान सुद्धा वर केली नाही.

"नऊ वर्षं तुम्ही त्या जॉबरला शिव्या घातल्या. रोज गेटवरून परत पाठवायचा, आत काम शिकू द्यायचा नाही, आणि वर सांगायचा, याला काम येत नाही. आता बघा कोण जॉबर झालंय."

दाजींच्या एका पायात चप्पल होती, एक हातात. मग हातातली खाली ठेवली, पायातली काढली, आणि आत येऊन पुठ्ठा ओढून काढला. गोंद चांगला होता, थोडा रंग पण निघाला.

"परमनंट करू का मग?" त्यांनी विचारलं.

"आधी काम द्या," ताई म्हणाली. हात धुतले आणि प्रूफं घेऊन शेजारी बसली.

वाचून दाखवायला खरं तर मी बसणार होते. मी फडाफडा वाचते. पण दोन ओळींत दाजी माझ्यावर वैतागले. ताई प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचते. "र... ख... मा," ती म्हणायची, आणि तेवढ्यात दाजींना र सापडायचा, मग ख, मग मा. दोघांची चाल अशी जुळली की मला चहा करण्यापलीकडे काम उरलं नाही. माझाच खाडा झाला म्हणा ना. पहिल्या दिवशी सहा पानं झाली. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, दाजी बोटांकडे बघतच नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, तुटलेला धागा सांधताना पण बघायचं नसतं, बघितलं की दुसरा तुटतो.

त्यात एकदा वेगळाच प्रकार. ताई वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, हे खोटं आहे. पान होतं बुधाजीभाऊंच्या आठवणीचं. त्यात लिहिलं होतं की संपाच्या काळात आम्ही कुणापुढे हात पसरला नाही. ताई म्हणाली, माझ्याकडून दर रविवारी बोंबलाचं कालवण नेत होते ते काय होतं. दाजी म्हणाले, लिहिलंय तसं छापायचं, आपण जुळवणारे. पण मग थोडं थांबून त्यांनीच पुढे जोडलं, 'कालवण सोडून'.

दहा तारखेला बुधाजीभाऊ आले तेव्हा अडतीस पानं झाली होती, चार राहिली होती. ते नव्या कंपुटरसमोर बसले, एकेक पान वाचलं. स्वतःच्या पानावर आले, हसले, पुढचं पान उघडलं. स्टुलाखाली पडलेला पुठ्ठा त्यांनी उचलला, वाचला, आणि दाजींकडे बघितलं. दाजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"राहिलेली चार उद्या दे," बुधाजीभाऊ म्हणाले. "पोरांना मी सांगतो. आणि पुढच्या वर्षीचं पण आत्ताच धर."

तेरा तारखेला स्मरणिका छापून आली. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात, अक्षरजुळणी: कोंडीराम आणि मीराबाई. माझं नाव कुठे, म्हणून मी चौदाही दारांत तक्रार केली. आतल्या पानावर जाहिरातींच्या वर दाजींनी घातलं होतं. चहा: शैला.

जुना कंपुटर टाकलेला नाही. त्याचा पेटारा पडदा ताईने कोपऱ्यात ठेवलाय. गोळ्या, काडेपेटी, गॅसचं पुस्तक आता तिथे. टेबलावर नवा.

जयंती झाली, त्यानंतर दोन दिवसांनी मी सकाळी गेले तर नव्याच्या पडद्यावर चौकट. दाजी चष्मा लावून वाचतायत, तिसऱ्यांदा. ताईचा हात पोळीवरच थांबला. हळूच म्हणाली, "परत नोटीस?"

"नाही," दाजी म्हणाले. "नवीन काहीतरी आलंय म्हणतो, भरून घेतो, तोवर थोडा वेळ बंद राहतो. विचारतोय, आत्ता की नंतर."

"सुट्टी मागतोय," मी म्हटलं. "परमनंट झाल्याबरोबर."

दाजींनी चष्मा काढला, जुन्याच्या डोक्यावर ठेवला, आणि 'आत्ता'वर दाबलं.

"घेऊ दे," ते म्हणाले. "हक्काची आहे."